तांबं थांबतं, वायर थांबत नाही

इंदूरहून न्हावाशेवा बंदर साधारण सहाशे किलोमीटर. हे मला शाळेत नाही, जेवणाच्या ताटावर कळलं, कारण मामा सोयाबीन प्लांटमध्ये डिस्पॅच बघायचे आणि जेवताना फोन आला की पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ओरडायचे, "अजून नाक्यावरच उभी आहे गाडी?" नाका म्हणजे राज्याच्या हद्दीवरचा टॅक्सचा नाका. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते नाके उठले. तोवर मामा रिटायर झाले होते, ही गोष्ट वेगळी.

पण आपला नाका निदान आपल्याच देशातला होता हो. जगात असे 32 विकसनशील देश आहेत ज्यांना समुद्रच नाही, आणि त्यांच्या ट्रकला बंदर गाठायला दुसऱ्याच्या देशातून, कधी दोन देशांतून जावं लागतं. झांबिया, माली, बोलिव्हिया, मंगोलिया, आपला शेजारी नेपाळ. उझबेकिस्तानचं तर असं की त्याचे सगळे शेजारीसुद्धा समुद्राविनाच. यातले बरेच देश तांबं, कापूस, कोळसा, सोनं असा कच्चा माल विकून जगतात. निर्यातीच्या कमाईतला 60 टक्क्यांहून जास्त हिस्सा कच्च्या मालाचा असला की संयुक्त राष्ट्रांची व्यापार संस्था अंक्टाड त्या देशाला कच्च्या मालावर अवलंबून असलेला देश म्हणते.

मग या देशांना सल्ला येतो की ग्लोबल व्हॅल्यू चेनमध्ये, म्हणजे एकच वस्तू वेगवेगळ्या देशांत टप्प्याटप्प्याने बनते त्या साखळीत, सामील व्हा. मला हे जरा गमतीशीर वाटतं, कारण झांबियाचं तांबं जगभरच्या वायरींमध्ये आधीपासूनच आहे, म्हणजे साखळीत ते आहेतच, फक्त पहिल्या कडीला. खरा प्रश्न पुढच्या कड्यांचा आहे.

आमचा दादा पीथमपूरला वायर हार्नेस बनवणाऱ्या प्लांटमध्ये आहे. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातला वायरींचा जुडगा. मोठ्या बोर्डावर खुंट्या असतात, त्यावरून एकेक रंगाची वायर फिरवत नेतात, टेप गुंडाळतात, टोकाला कनेक्टर बसवतात. लुळी वायर मशीनला नीट धरता येत नाही म्हणून अजूनही बरंचसं काम हातानेच होतं. आणि प्रत्येक मॉडेलचा, त्यातही सनरूफवाल्या आणि बिना सनरूफवाल्या गाडीचा जुडगा वेगळा, त्यामुळे ढीगभर करून ठेवलाय असं चालत नाही. मामांची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, दोन दिवस अडकली तर डिमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागायचं, शिव्या बसायच्या, झालं. दादाचा माल दोन तास अडकला तर पुढच्या कारखान्याची लाइन बंद पडते.

माझ्या मते खरी गोम इथंच आहे. तांब्याची पत्री सीमेवर उभी राहिली तरी तांबंच राहते, म्हणून रस्ता भरवशाचा नसेल तर देश तांबंच विकत राहतो. डेव्हिड हमल्स आणि गिओर्ग शाउर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत येणारा माल जहाजाने येतो की महागड्या विमानाने, यावरून 2013 मध्ये हिशोब मांडला: वाटेतला एकेक दिवस म्हणजे मालाच्या किमतीवर 0.6 ते 2.1 टक्के जादा टॅक्स बसल्यासारखं, आणि सुट्या भागांना ही झळ जास्त लागते. दहा दिवस उशीर झाला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

त्यामुळे अशा देशांना मदत म्हणजे नुसते हायवे नाहीत. झांबिया आणि झिम्बाब्वेच्या मध्ये चिरुंडूला ट्रक आधी या बाजूला कागद दाखवायचा, मग पूल ओलांडून पुन्हा तेच कागद तिकडे. 2009 मध्ये तिथं एकाच जागी दोन्ही देशांची तपासणी सुरू झाली. दुसरं दुखणं बॉण्डचं. माल वाटेत गुपचूप विकला तर ड्यूटी कोण भरणार, म्हणून प्रत्येक देश वेगळी हमी मागतो आणि व्यापाऱ्याचा पैसा अडकून पडतो. 1975 च्या टीआयआर या आंतरराष्ट्रीय मालवाहतूक करारात एकाच हमीवर सील केलेला ट्रक सगळ्या सदस्य देशांमधून जाऊ शकतो.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या, समुद्र नसलेल्याच पराग्वेचं, कारण तेही आपल्यासारखे सोयाबीनवाले. त्यांचा बराचसा सोयाबीन दाणा तसाच बार्जमधून नदीने अर्जेंटिनाला जातो, तेल आणि पेंड तिकडे निघते. पण 1997 मध्ये त्यांनी कायदा केला की बाहेरून सुटे भाग बिनाड्यूटी आणा, जोडा, परत पाठवा, देशात जी किंमत वाढली तिच्यावर 1 टक्का टॅक्स भरा. आज तिथं काय बनतं? वायर हार्नेस! शेजारच्या ब्राझीलच्या कार कारखान्यांसाठी. म्हणजे समुद्राची भानगडच नाही, गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे.

आफ्रिकेतल्या, समुद्र नसलेल्या बोत्सवानाने 2013 मध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीचा कच्च्या हिऱ्यांचा विक्री विभाग लंडनहून आपल्या राजधानीत, गाबरोनला, आणून घेतला, पण हिरे विमानाने जातात, सगळ्यांचं नशीब तसं नसतं. समुद्र नसलेल्याच इथिओपियाने शेजारच्या जिबूतीच्या बंदरापर्यंत इलेक्ट्रिक रेल्वे टाकली, हवासा शहरात कपड्यांचं इंडस्ट्रियल पार्क उभारलं, आणि घरातल्या युद्धापायी जानेवारी 2022 पासून अमेरिकेची ड्यूटी-सवलत गेली. रेल्वे जागेवरच आहे.

रविवारी पोहे खाताना मी हे सगळं सांगितलं तर मामा म्हणाले, "ते ठीक आहे, पण पराग्वेची गाडी ब्राझीलच्या नाक्यावर किती वेळ उभी राहते, ते सांग." दादा हसला नाही, त्याची पुण्याची गाडी सेंधव्याच्या पुढे कुठंतरी होती आणि ड्रायव्हर फोन उचलत नव्हता.