दारू आणि ड्रग्ज सोडवणारी औषधं: कोणती गोळी काय करते?

‘दारू सोडायची गोळी आहे का?’ असं आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हळूच विचारणारे बरेच असतात. अशी एकच गोळी नसते. औषधं चार-पाच आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, पुढे भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देऊन डोस उतरवत नेतात, जोडीला बी-१ जीवनसत्त्व. या गोळ्यांचीही सवय लागते. जुनी चिठ्ठी दाखवून त्या पुन्हा मागितल्या तर आम्ही नाही म्हणू, राग मानू नका.

सर्वाधिक विचारणा होते ती डायसल्फिरॅमची. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होतं आणि यकृतातलं एक एन्झाइम ते मोडून टाकतं. डायसल्फिरॅम त्या एन्झाइमलाच अडवतं. वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. तलफ यानं कमी होत नाही, काम धाकानं होतं. म्हणून गोळी चालू आहे हे पिणाऱ्याला माहीत हवंच. ‘भाजीत कालवून दिली तर?’ असं घरचे विचारतात. त्यामागचा वैताग कळतो, पण हृदयाचा त्रास असलेला माणूस यात दगावू शकतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ही गोळी सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवडे राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत, माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा लेबल वाचा.

नाल्ट्रेक्सोनचं तंत्र उलटं. दारूची मजा मेंदूतल्या ज्या ओपिऑइड रिसेप्टरमार्फत (अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात त्या जागांमार्फत) जाणवते, तिथेच ते ठाण मांडून बसतं. प्यायलं तरी पूर्वीची किक बसत नाही, तलफ ओसरत जाते. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू सुटल्यावर तलफ पुन्हा उचल खाऊ नये म्हणून देतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

हेरॉइन, ब्राउन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन. तेही त्याच रिसेप्टरवर बसतं, पण त्याला अर्धवटच चेतवतं. त्यामुळे हेरॉइन सोडल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, तगमग थांबते आणि नशा एका मर्यादेपलीकडे चढत नाही. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची, गिळायची नाही. पहिला डोस त्रास सुरू झाल्यावरच घेतात. हेरॉइनचा अंमल असताना घेतला तर तोच त्रास एकदम उसळतो. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं ऐकवणारे भेटतील. आम्हाला ते पटत नाही: मोजका डोस घेणारा माणूस कामधंदा करू शकतो.

कोकेनसाठी मात्र अशी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. तिथे समुपदेशनावरच भर असतो.

उपचार मध्येच सोडून कोणी हेरॉइनच्या जुन्या मात्रेकडे वळलं तर श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते. आणि नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर ट्रामाडोल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं नीट लागू पडत नाहीत. ऑपरेशन ठरलं असेल तर गोळीची चिठ्ठी सर्जनना आधीच दाखवा.