तरंगते जेल-मणी

तरंगते जेल-मणी : औषध जठरातच रेंगाळावे आणि थोडे थोडे सुटावे म्हणून केलेले मोहरी ते साबुदाण्याएवढे जेलचे गोळे. फार्मसीच्या प्रयोगशाळेत त्यांना सरळ ‘फ्लोटिंग बीड्स’ म्हणतात. जठररसाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.००४ ग्रॅम असते. मणी त्याहून हलका झाला की वर तरंगतो आणि जठराच्या खालच्या दारापासून लांब राहतो.

हा खटाटोप सगळ्या औषधांसाठी नसतो. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, कंपवातावरचे लेव्होडोपा, रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) ही लहान आतड्याच्या वरच्या भागातच नीट शोषली जातात. तो टप्पा ओलांडून पुढे गेलेले औषध बहुतांशी वाया जाते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तर जठरातच ठाण मांडून असतो, म्हणून अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचेही असे मणी करून पाहिले जातात. ॲस्पिरिनसारखे जठराला टोचणारे औषध मात्र तिथे तासन् तास ठेवण्यात शहाणपण नाही.

मणी पाडायची रीत बुंदीची. झाऱ्याच्या जागी सिरिंज, तापल्या तुपाच्या जागी कॅल्शियम क्लोराइडचे गार पाणी. तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटचे दोन-तीन टक्क्यांचे द्रावण करून त्यात औषध घोटतात आणि सुईतून थेंब थेंब सोडतात. अल्जिनेटच्या लांब रेणू-साखळ्यांतील गुलुरॉनिक आम्ल या घटकाच्या खाचांत कॅल्शियमचे आयन जाऊन बसतात, ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. १९७३ साली मांडलेले हे चित्र आजही ‘एग-बॉक्स’ नावानेच शिकवतात. थेंब पाण्याला टेकताच कातडी धरतो. द्रावण फार दाट असेल किंवा सुई पाण्याच्या फार जवळ असेल तर मण्याला बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी राहते. पहिली खेप बहुधा अशी शेपटीवाल्यांचीच निघते.

तरंगवण्याच्या दोन वाटा जास्त रुळल्या आहेत. एक, द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट घालायचे. जठरातले आम्ल लागले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याचे बुडबुडे जेलमध्ये अडकतात. दुसरी, तेल घोटून मिसळायचे. बडोद्याच्या माणसाला ही वेगळी समजवावी लागत नाही, सेव-उसळीवर ओतलेली तर्री कुठे जाते ते तो रोज पाहतो. तेलाच्या मण्याला आम्लाची वाट पाहावी लागत नाही, तो टाकल्या टाकल्या तरंगतो.

बडोदे हे औषधधंद्याचे जुने गाव. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर पुढे कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक या औषध कंपनीच्या स्थापनेत होते. दांडिया बझारच्या मराठी घरातून फार्मसीला गेलेल्या मुलाला प्रबंधासाठी हा विषय सोयीचा वाटला तर नवल नाही. सिरिंज, बीकर, मॅग्नेटिक स्टिरर एवढ्यावर काम सुरू होते.

खरे दुखणे औषध आत टिकवण्याचे. मेटफॉर्मिन पाण्यात झटकन विरघळते, त्यामुळे मणी घट्ट होईपर्यंत त्यातले बरेचसे कॅल्शियमच्या पाण्यातच उतरते. घातलेल्यापैकी किती टक्के औषध आत राहिले, त्या आकड्याला ‘एन्ट्रॅपमेंट’ म्हणतात. मणी जास्त वेळ भिजत ठेवले तर कडक होतात, पण औषध आणखी गळते. कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) लेप दिला तर सुटण्याचा वेग जरा आवरतो.

चाचणी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ९०० मिलिलिटरमध्ये, ३७ अंश सेल्सिअसला होते. मणी वर यायला लागणारा वेळ म्हणजे ‘लॅग टाइम’. काचेच्या भांड्यात बारा तास तरंगलेले मणी जठरातही तसेच तरंगतील असा हवाला देणे मात्र घाईचे. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची जोरदार लाट येते आणि जठर झाडून काढते. म्हणून असे औषध जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचे. त्यात आपली वामकुक्षी. डाव्या कुशीवर झोपले की जठराचे दार वरच्या बाजूला येते आणि तरंगणारा मणी नेमका तिकडेच सरकतो. मणी प्रत्यक्षात किती वेळ राहिले हे पाहायला त्यांत बेरियम सल्फेट घालून एक्स-रे काढतात, नाहीतर गॅमा सिंटिग्राफी, म्हणजे मण्यांत किंचित किरणोत्सारी पदार्थ घालून कॅमेऱ्याने माग काढणे, करतात.