बापलेकाच्या कविता

मुलगा बापाबद्दल बोलतो (क्वचित बाप मुलाबद्दल) अशा कवितांना इथे बापलेकाच्या कविता म्हटलंय. बापाचं म्हातारपण आणि मरण त्यांत कुठून ना कुठून येतंच, कारण बाप धडधाकट असतो तोवर मुलाला त्याच्याशी बोलायचंच नसतं, आणि बोलावंसं वाटतं तेव्हा बापाला ऐकू कमी यायला लागलेलं असतं. मराठी माणसाला आईची कविता विचारा, यशवंतांची 'स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी' लगेच तोंडात येते. बापाची विचारली की जरा डोकं खाजवावं लागतं. पण अशा कविता आहेत, आणि चांगल्या आहेत.

आपल्याकडच्या बारावीच्या युवकभारती इंग्रजी पुस्तकामुळे बऱ्याच पोरांना माहीत असलेली म्हणजे दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम'. चित्रे मराठीतले मोठे कवी, पण ही कविता इंग्रजीत आहे. बाप रात्रीच्या लोकलमध्ये पिवळ्या उजेडात उभा, पावसाने भिजलेला शर्ट, चिखल लागलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली बॅग. घरी येऊन काय तर पातळ चहा आणि शिळी पोळी. मग सिंकपाशी थरथरत उभा राहतो आणि मनगटावरच्या पिकत चाललेल्या केसांना पाण्याचे थेंब चिकटून राहतात. माझ्या मते अख्खं म्हातारपण त्या थेंबांत आहे, 'बाबा थकले' असं लिहायची गरजच उरत नाही. मुलं घुमी, त्याला आपल्या जोक्समध्ये घेत नाहीत, आणि हे सगळं बारकाईने बघणारा त्यातलाच एक मुलगा आहे पण तोही उठून बापाशी बोलत नाही.

हा न बोलण्याचा मुद्दा अमेरिकन कवी रॉबर्ट हेडन यांच्या 'दोज विंटर संडेज'मध्ये जास्त टोचतो. चौदाच ओळी. बाप रविवारीसुद्धा अंधारात उठतो, भेगा पडलेल्या हातांनी शेगडी पेटवतो, घर गरम झालं की मग मुलाला हाक मारतो, त्याचे बूट पण पॉलिश करून ठेवतो. थँक्यू कोणी म्हणत नाही. घरात राग साचलेला असायचा हेही हेडन लपवत नाहीत, म्हणून ती कविता गोडगोड होत नाही. शेवटी मोठा झालेला मुलगा 'मला काय कळत होतं' असं दोनदा विचारतो, तेवढंच.

शेतकरी बाप आयर्लंडच्या शेमस हीनी यांच्याकडे आणि आपल्या इंद्रजित भालेरावांकडे दोन्हीकडे आहे पण काम वेगळं. भालेरावांच्या 'माझा शेतकरी बाप'मधला बाप अंगावर चिंध्या लेवून मिरची-भाकर खातो आणि जगाला साखर मिळावी म्हणून उसाची पाचट काढतो, म्हणजे मुलगा बापाच्या बाजूने जगाशी भांडतोय. हीनींच्या 'फॉलोअर'मध्ये जगाशी भांडण नाही. बाप घोड्यांच्या नांगराने सरळ तास धरतो, मागे धडपडत येणारं पोरगं सारखं पायात येतं, आणि शेवटच्या तीन ओळींत चित्र उलटतं, आता बाप मागे अडखळतोय आणि जायचं नाव घेत नाही. ही कविता 1966 च्या संग्रहातली, हीनी तेव्हा सत्तावीस वर्षांचे, आणि वडील वारले 1986 साली. म्हणजे बापाचं म्हातारपण मुलाने वीस वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं!

मरणाच्या कवितांत सगळ्यात गाजलेली वेल्सच्या डिलन थॉमस यांची 'डू नॉट गो जेंटल इनटू दॅट गुड नाइट', 1951 ची. लोक तिला सरसकट प्रेरणादायी म्हणून शेअर करतात पण नीट बघा, एकोणीस ओळींची बांधीव रचना, दोनच यमकं, दोन ओळी चार-चारदा परत येतात, आणि एवढ्या ताकदीने लिहून बाप येतो कधी तर सोळाव्या ओळीत. तोवर शहाणे, भले, बेफाम, गंभीर अशा सगळ्या माणसांची उदाहरणं देऊन झालेली असतात, जणू खरं बोलायची हिंमत गोळा चाललीय. मग शिव्या दे नाहीतर आशीर्वाद दे पण गप्प जाऊ नको, असं मागणं. वडील डिसेंबर 1952 मध्ये गेले, आणि वर्ष भरायच्या आत एकोणचाळिसाव्या वर्षी डिलनही गेले.

याच्या बरोब्बर उलट ए. के. रामानुजन. मैसूरचे, शिकागोत शिकवायचे. त्यांच्या 'ऑबिच्युअरी'त (1971 च्या संग्रहात आहे) रडारड शून्य, नुसता हिशोब. बापाने मागे काय ठेवलं तर टेबलावर कागद आणि धूळ, कर्ज, मुली, अंथरूण ओलं करणारा नातू. जळायचं तेही नीट जळला. अस्थी सावडताना मणक्याचे तुकडे हाताला कोळशासारखे लागतात, ते स्टेशनजवळच्या संगमावर पूर्वेकडे तोंड करून टाकायचे. वाचताना आधी हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. मद्रासच्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी छापून आल्या असं ऐकलंय, ते पेपर महिन्याभरात किलोवर रद्दीत जातात, आणि मुलगा मीठ-धणे-गूळ ज्या पुड्यांत बांधून येतं त्या पुड्या उलगडून वाचतो, कधीतरी त्या दोन ओळी सापडतील म्हणून.

बाप मागे राहतो तेव्हाही भाषा हिशोबाचीच येते हे बघून मला गंमत वाटते. इंग्रज कवी बेन जॉन्सन यांचा सात वर्षांचा मुलगा 1603 च्या सुमारास प्लेगने गेला. बारा ओळींच्या कवितेत बाप मुलाला म्हणतो, तू मला सात वर्षांसाठी उसना मिळाला होतास, मुदत भरली तसा परत केला. आपल्याकडे पितृऋण मुलाने फेडायचं असतं, इथे फेड बापाला करावी लागली, आणि मुलाचं नावही बापाचंच, बेंजामिन.