पोलिसांचं ‘कारण’ आणि संशोधकांची ‘जोखीम’

‘कर्जाला कंटाळून’, ‘आजारपणाला कंटाळून’, ‘कौटुंबिक वादातून’. आत्महत्येच्या चार ओळींच्या बातमीत हे कारण हमखास असतं. ते येतं पोलिसांच्या आकस्मिक मृत्यूच्या नोंदीतून, आणि अशा नोंदींवरूनच एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) देशभराचा वार्षिक तक्ता तयार होतो. २०२२च्या तक्त्यात १,७०,९२४ मृत्यू आहेत (सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातले). पैकी ३१.७ टक्के ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्यात, १८.४ टक्के ‘आजारपणा’त.

एका माणसाला एकच रकाना. जबाब घेणाऱ्या पोलिसाला मुख्यतः पाहायचं असतं ते घातपात आहे का, कुणी प्रवृत्त केलंय का. घरचे त्या दिवशी सुचेल ते, किंवा सांगता येण्याजोगं तेवढंच सांगतात. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. शेतकऱ्याच्या घरी थकीत कर्जाचे कागद असले, तर जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ ठरवते आणि १ लाखाची मदत मिळते. कारणाला असा भाव आला की नोंद निखळ कशी राहणार?

संशोधकांची रीत वेगळी. तिला म्हणतात सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी. अपघात की आत्महत्या हे ठरेना, तेव्हा लॉस एंजेलिसच्या कॉरोनरने (मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) तिथल्या १९५८ साली सुरू झालेल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राची मदत घेतली. तिथले मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली ती त्यातून. नातेवाईक, मित्र, डॉक्टर यांच्याशी सविस्तर बोलून माणसाचे अखेरचे महिने जुळवायचे. पुढे तिला तुलनेची जोड मिळाली: त्याच वयाची, त्याच परिसरातली, हयात असलेली व्यक्ती घ्यायची आणि तिच्याबद्दलही तेच प्रश्न विचारायचे. माझ्या मते खरा फरक इथे आहे. कर्ज तर शेजाऱ्यावरही होतं, मग वेगळं काय होतं? पोलिसांच्या नोंदीत शेजारी नसतोच.

या पद्धतीतून पाश्चात्त्य देशांत एक आकडा रूढ झाला: जीव देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना मानसिक विकार असतो. चीनमध्ये ५१९ मृत्यूंचा अभ्यास झाला (२००२), तिथे हे प्रमाण ६३ टक्के निघालं. चेन्नईत १९९९ मध्ये ८८ टक्के, तर वेल्लोरजवळच्या खेड्यांत २०१० मध्ये अवघे ३७. म्हणजे एकाच राज्यात इतकी तफावत!

ही सगळी तफावत संस्कृतीच्या खात्यावर टाकायचा मोह आवरायला हवा. दारूचं व्यसन किंवा ताणाशी जुळवून न घेता येणं विकारात धरलं की नाही, घरच्यांनी काय झाकलं, मुलाखत कोणी घेतली, यावरही टक्का हलतो. वेल्लोरच्या ३७ टक्क्यांत बहुतेक वाटा दारूचा आणि अशा जुळवून न घेता येण्याचाच होता; तीव्र नैराश्य फक्त २ टक्क्यांत.

तिथे शेजाऱ्यांशी तुलना केल्यावर जोखीम वाढवणाऱ्या म्हणून ठळक दिसल्या त्या गोष्टी अशा: सततचा ताण, जुनं दुखणं, एकटं राहणं, वर्षभरात तुटलेलं नातं. यांतल्या कुठल्याच गोष्टीवर मानसिक आजाराचा शिक्का लागत नाही, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचं कुणाच्या मनात येत नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला मात्र निदानाची अट नाही, तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.