आहार-व्यायाम (नागपूर)

नेमका आहार आणि रोजची अंगमेहनत एकाच दिनक्रमात सांभाळण्याच्या सवयीला आहार-व्यायाम म्हणतात. शब्द जोडून लिहिला जात असला तरी व्यवहारात त्याची फारकत लवकर होते. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाला सकाळची फेरी मारून आलेली माणसे सातच्या सुमारास पोह्यांच्या ठेल्यावर उभी दिसतात. प्लेटमध्ये दुसऱ्यांदा तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा चण्याचा तेलकट रस्सा, पडली की फेरीचा हिशोब बहुधा तिथेच चुकता होतो.

हिशोब साधा आहे. 70 किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला, तर सुमारे 150 किलोकॅलरी खर्च होतात. 1 ग्रॅम तेलातून 9 किलोकॅलरी मिळतात. तर्रीवरचा लाल तवंग चहाच्या चमच्याने तीन चमचे धरला, तरी 15 ग्रॅम तेल आणि 135 किलोकॅलरी झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅमच बसते. भाज्यांना मात्र तिथे 400 ग्रॅमची जागा आहे. तर्रीपोहा म्हणून वाईट ठरत नाही. त्यातला काळा चना प्रथिने आणि तंतू देतो. ‘भाऊ, तर्री कमी, चना जास्त’ एवढे म्हटले तरी प्लेट बरीच सुधारते.

वजन उतरण्याचे काम मुख्यतः ताटातच होते. चालण्याचा लाभ दुसरीकडे आहे. काम करणारे स्नायू इन्सुलिनवर फारसे न विसंबता रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतरच्या शतपावलीचे मर्म हेच. फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटे चालावे. उलट, नुसते जेवण तोडून वजन घटवले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायला पुरेशी प्रथिने आणि जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम, दोन्ही लागतात. दोहोंची खरी सांगड इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची 150 ते 300 मिनिटे आहेत, आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही. फेरी मारणारे बहुतेक जण हा दुसरा भाग सोडून देतात.

एकत्र केले म्हणून फायद्याची सरळ बेरीज होते, असे मात्र नाही. चीनमधील दाचिंग येथे 1986 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 577 जण होते. सहा वर्षांत मधुमेहाचा धोका आहार बदललेल्यांत 31 टक्के, व्यायाम करणाऱ्यांत 46 टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत 42 टक्के घटला.

विदर्भाच्या जुन्या जेवणात यासाठी लागणारे बरेच काही आहे : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. जवसातून ओमेगा-3 गटातले मेदाम्ल मिळते. चटणीवर कच्चे तेल ओतण्याची सवय तेवढी आवरावी लागते. सावजी रस्सा, म्हणजे नागपूरचा झणझणीत तेलकट रस्सा, हा रोजचा पदार्थ नव्हे, आणि तसे समजणाऱ्याचे समाधान इथे करता येणार नाही. संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोडी खाव्यात. रस गाळला की तंतू बहुतांश चोथ्यात जातात.

नागपुरात वेळापत्रक ऊन ठरवते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सेमिनरी हिल्सचा चढ उजाडतानाच चढून मोकळे व्हावे लागते. व्यायाम थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, इतर ऋतूंत त्याहूनही मंद करावा, असे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात सांगितले आहे. घाम वाहतो तेवढे पाणी पोटात जायला हवे. कैरीचे पन्हे चालते, पण त्यातला गूळ मोजून. मीठ टाकलेले पातळ ताक अधिक सोयीचे, रक्तदाब असलेल्यांनी त्यात मिठाचा हात आखडता घ्यावा. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यांमुळे फेरी चुकते. तेव्हा घरातल्या जिन्यावर चढउतार करणारे थोडे, आणि खिडकीत बसून भजी खाणारे बरेच.