म्युरेन (मोटारींविना आल्प्सगाव)

म्युरेन हे स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (प्रांतातील) एक छोटे डोंगरगाव. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,६४० मीटर. कायमची वस्ती चारशे-साडेचारशे. गावाला सार्वजनिक मोटाररस्ता नाही. माणसे, दूध, टपाल, सिमेंट, हॉटेलांच्या चादरी, सारे काही रोपवेने आणि एका चिमुकल्या रेल्वेने वर येते. दरीपलीकडे आयगर (३,९६७ मी.), म्योंख (सुमारे ४,११० मी.) आणि युंगफ्राउ (४,१५८ मी.) ही तीन शिखरे ओळीने उभी आहेत. आल्प्समध्ये एकाच गावी चार-सहा रात्री मुक्काम ठोकायचा आणि रोज सकाळी नव्या वाटेने चालायला निघायचे, अशी भटकंतीची एक जुनी रीत आहे. त्या रीतीसाठी म्युरेनइतके जुळून आलेले गाव क्वचितच सापडेल.

सह्याद्रीत हिंडलेल्याला या गावाची जागा एका शब्दात सांगता येते: माची. लाउटरब्रुनेनचे खोरे हिमनदीने कोरलेले आहे. तळ सपाट, दोन्ही बाजूंना ताशीव चुनखडीचे कडे. पश्चिमेकडच्या कड्याच्या माथ्यावर हिरव्या गवताचा लांबट पट्टा आहे आणि त्याच्या मागे डोंगर पुन्हा उभा चढत जातो. या पट्ट्यावर म्युरेन वसले आहे. गावातल्या मुख्य वाटेवरून खाली पाहिले तर खोऱ्यातले श्टेकेलबर्ग साधारण पाऊण किलोमीटर खोल दिसते. खोऱ्यात ७२ धबधबे आहेत असे तिथले लोक सांगतात. त्यांतला श्टाउबबाख सुमारे ३०० मीटरवरून कोसळतो आणि वाऱ्यावर त्याची भुकटी होते. १७७९ मध्ये जर्मन कवी गोएथे तो पाहायला आला होता आणि पाण्यावरची त्याची प्रसिद्ध कविता या भेटीतून जन्मली. या खोऱ्याचा वरचा, हिमनद्यांचा भाग युनेस्कोच्या युंगफ्राउ-आलेच जागतिक वारसा क्षेत्रात मोडतो.

इथली मूळ वस्ती वाल्झर लोकांची. दक्षिणेकडच्या लोत्शेन खोऱ्यातून मध्ययुगात डोंगर ओलांडून ते इकडे आले आणि उंचावरच्या कुरणांवर गुरे राखून राहिले. पुढची कित्येक शतके गावात जायला पायवाट किंवा खेचर एवढाच मार्ग होता. १८९१ मध्ये चित्र बदलले. खोऱ्यातल्या लाउटरब्रुनेनपासून ग्रुचआल्पपर्यंत दोरावर ओढली जाणारी फ्युनिक्युलर आणि तिथून डोंगराच्या कडेने म्युरेनपर्यंत सव्वाचार किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली. ही रेल्वे आजही धावते. तिचे रूळ जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रुळांना जोडलेले नाहीत; डोंगराच्या खांद्यावरचे ते एक बेटच आहे. फ्युनिक्युलरखालची जमीन मात्र हळूहळू सरकत होती, त्यामुळे २००६ मध्ये तिच्या जागी रोपवे आला.

हा रोपवे लाउटरब्रुनेनच्या स्थानकात थोडा वेळ उभे राहून बघण्यासारखा आहे. प्रवाशांच्या डब्याखाली मालाचे फळकूट टांगलेले असते. वर माणसे सॅका सावरत उभी असतात आणि त्यांच्या पायांखाली भाजीचे क्रेट, पावाच्या पेट्या, कधी एखादे कपाट, कधी बांधकामाचे लाकूड. खालून वर जाणाऱ्या बहुतेक वस्तू याच दोराला लटकतात. ग्रुचआल्पला माल उतरतो, रेल्वेच्या मालडब्यात चढतो आणि म्युरेनच्या स्थानकाबाहेर हातगाड्या किंवा विजेवर चालणाऱ्या बुटक्या गाड्या त्याची वाट पाहत असतात. ‘मोटारींविना गाव’ म्हणजे यंत्राविना गाव नव्हे. इथे यंत्र माणसाला उंचीपर्यंत आणून सोडते आणि तिथे थांबते. परवाना असलेल्या काही कामाच्या गाड्या आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर सोडले तर गावातल्या वाटा पायी चालणाऱ्यांच्याच.

दुसऱ्या बाजूनेही वर येता येते. श्टेकेलबर्गहून गिमेलवाल्ड, म्युरेन आणि बिर्गमार्गे शिल्टहॉर्नच्या २,९७० मीटर उंच माथ्यावर जाणारा रोपवे १९६७ मध्ये पूर्ण झाला. डिसेंबर २०२४ मध्ये श्टेकेलबर्ग ते म्युरेन असा नवा थेट टप्पा सुरू झाला. त्याचा चढ १५९ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना जवळपास एकशेसाठ मीटर वर. इतका उभा हवाई रोपवे जगात दुसरा नाही. चारेक मिनिटांत प्रवासी कड्याच्या माथ्यावर पोचतो. मोटारीने आलेल्यांनी गाडी लाउटरब्रुनेन किंवा श्टेकेलबर्गच्या वाहनतळावर ठेवायची. पण खरे पाहता गाडी आणायची गरजच नाही. इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेन रेल्वेने वीस मिनिटांवर आहे, तिथून श्टेकेलबर्गला पिवळी पोस्टबस जाते आणि स्विस ट्रॅव्हल पास म्युरेनपर्यंत चालतो.

चालणाऱ्याला या व्यवस्थेचा मोठा फायदा होतो. घाटवाटेने गड चढताना पहिले दोन तास नुसती उंची कमावण्यात जातात. इथे ती कमाई आधीच झालेली असते. दारातून बाहेर पडले की दहा मिनिटांत कुरण लागते. गुडघे दुखरे असतील तर चढण रोपवेवर सोपवून उतरण चालावी, किंवा उतरणच त्रास देत असेल तर उलट करावे. घरात एकाला दमवणारी वाट हवी आणि दुसऱ्याला सपाट, तर दोघे वेगवेगळ्या वाटांनी जाऊन दुपारी एकाच ठिकाणी भेटू शकतात. आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र गेली असतील तर हे फार मोलाचे ठरते.

सर्वांत सोपी वाट म्युरेन-विंटरेग-ग्रुचआल्प. रुळांच्या सोबतीने जवळजवळ सपाट, सव्वा तासाची. मध्ये विंटरेगला डोंगरावरचे चीज तिथेच मिळते आणि थकलेला माणूस तिथूनच रेल्वेत बसू शकतो. म्युरेन आणि ग्रुचआल्पमधली वरची वाट गावामागच्या आल्मेंडहूबेल टेकाडावरून निघते. तिथवर १९१२ पासूनची फ्युनिक्युलर आहे. तिन्ही शिखरे डोळ्यांसमोरून जराही हलत नाहीत, म्हणून खालच्या वाटेपेक्षा हिला निवडावे. आल्मेंडहूबेलहूनच निघणारी नॉर्थफेस वाट ब्लूमेनटालच्या फुलांच्या कुरणांतून शिल्टआल्पकडे वळते आणि अडीच तासांत म्युरेनला परत आणते. जून-जुलैत या कुरणांत कास पठाराची आठवण येते, फक्त इथली फुले गुरे चरतात त्याच गवतात असतात.

गिमेलवाल्डला उतरणारी वाट अर्ध्या-पाऊण तासाची. गिमेलवाल्ड सुमारे १,३६० मीटरवर, म्युरेनहूनही लहान, आणि तेही मोटारींविना. इथे शेती अजून खरीखुरी शेती आहे. यंत्र उभे राहू शकणार नाही अशा उतारावर माणसे आजही हाताने गवत कापतात, वाळवतात आणि हिवाळ्यासाठी लाकडी कोठारात भरतात. कुठे घराच्या ओसरीवर चीज ठेवलेले असते, शेजारी पैशांचा डबा. हवे ते घ्यायचे आणि किंमत डब्यात टाकायची. म्युरेन आणि गिमेलवाल्डच्या मध्ये थोडी आडवळणाने जाणारी वाट श्प्रुट्स धबधब्याच्या मागून जाते. ओल्या दगडावर पाय जपून टाकावा लागतो, पण पाण्याच्या पडद्याआडून दरी पाहायला मिळते.

दमसास असलेल्यांसाठी रोटश्टॉक हट हे चांगले लक्ष्य. २,०३९ मीटरवरची ही डोंगरझोपडी म्युरेनपासून अडीच-तीन तासांवर आहे. तिथे जेवण मिळते आणि आधी सांगून ठेवल्यास रात्री झोपायला जागाही. तिच्यापुढे सेफिनेनफुर्गे ही २,६१२ मीटर उंच खिंड लागते. लिख्टेनश्टाइनमधील फाडुत्सपासून जिनिव्हा सरोवराकाठच्या मोंत्रोपर्यंत जाणारी ३९० किलोमीटरची व्हिया आल्पिना ही लांब वाट म्युरेनमधून जाते आणि ही खिंड ओलांडून ग्रीसआल्पकडे उतरते. खिंडीच्या पलीकडच्या उतारावर माती इतकी ढिसूळ आहे की तिथे लाकडी पायऱ्या आणि दोर बांधावे लागले. जूनअखेरपर्यंत वर बर्फ असू शकतो. बर्फावर चालण्याची सवय नसलेल्याने जुलैच्या मध्यापर्यंत थांबणे शहाणपणाचे.

स्वित्झर्लंडमधल्या सुमारे ६५,००० किलोमीटर पायवाटांना एकच खूणभाषा आहे आणि ती आधी शिकून घ्यावी. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी चालवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. बूट चांगले हवेत, उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अवघड आल्पाइन वाट, जिथे हातांचाही आधार घ्यावा लागू शकतो आणि हिमनदी किंवा मुरमाड घसारा ओलांडावा लागतो. वाटाड्या पाट्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, तास-मिनिटे असतात. हा वेळ सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटरच्या चालीवर चढउताराचा हिशेब करून काढलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. फोटो काढत, डबा खात चालणाऱ्या मंडळींनी पाटीवरच्या वेळेत निम्मी भर घालून निघावे.

ही भर घालणे म्युरेनसारख्या ठिकाणी फार गरजेचे आहे, कारण शेवटचा रोपवे चुकला तर रिक्षा, जीप, दुचाकी यांपैकी काहीही मिळत नाही. अंधारात उतरणे हाच पर्याय उरतो. म्हणून सकाळी निघताना शेवटच्या फेरीची वेळ कागदावर टिपून घ्यावी. फोन वर थंडीने लवकर संपतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळे येतात, त्यामुळे उंच वाटा सकाळीच उरकाव्यात. फ्योन हा दक्षिणेकडून येणारा उबदार वारा जोरात सुटला की रोपवे थांबवले जातात. आकाश निळेशार असतानाही हे होते आणि नवखे गोंधळतात. अपघात झाल्यास हेलिकॉप्टर बचावसेवा रेगाचा क्रमांक १४१४, किंवा ११२.

कुरणातल्या गायींबद्दलही सांगायला हवे. आपल्याकडे गाय दिसली की हात लावून पुढे जायची सवय असते. इथे ती सोडावी. वासरासोबत असलेली गाय अंगावर येते. तिला लांबून वळसा घालावा, वासराला हात लावू नये. कुंपणाच्या तारेत वीज असते. वाटेवरचा आकडा प्लास्टिकच्या मुठीला धरून उघडायचा आणि मागे पुन्हा अडकवायचा. तो उघडा राहिला तर संध्याकाळी कुणाला तरी सगळा कळप शोधत फिरावे लागते.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. गावोगावच्या लाकडी किंवा दगडी हौदांवरच्या नळाचे पाणी गार आणि पिण्यायोग्य असते. तसे नसेल तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते. जेवणात बटाट्याचे र्‍योश्टी आणि मॅकरोनी, बटाटा, चीज, कांदा यांचे आल्पलरमाग्रोनेन सगळीकडे मिळते, सोबत सफरचंदाचा लगदा. दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी मागवतानाच विचारावे. गावात एक कोऑप दुकान आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर खर्च बराच आटोक्यात राहतो. म्युरेन स्वस्त नाही, हे आधी मान्य करूनच निघावे.

आल्प्समधल्या मोटारबंदीची कारणे गावागणिक निराळी आहेत. म्युरेन, वेंगेन, ब्राउनवाल्ड, बेटमरआल्प इथे कडा आडवा असल्याने नेहमीची वाहतूक नेणारा रस्ता कधी आलाच नाही. झास-फेला १९५१ मध्ये रस्ता पोचला, पण गावाने गाड्या वेशीबाहेरच थांबवल्या. त्सेरमाटने पाच किलोमीटर अलीकडच्या टेशला मोठा वाहनतळ बांधला. गावात फक्त विजेच्या छोट्या गाड्या आहेत, मात्र त्या शेकड्यांनी आहेत आणि रस्ता ओलांडताना मागे पाहावे लागते. ग्राउब्युंडेन कँटनने तर १९०० ते १९२५ अशी पंचवीस वर्षे सगळ्या मुलखात मोटारींना बंदी घातली होती आणि त्यावर लोकांनी पुन्हा पुन्हा मतदान केले होते.

मराठी वाचकाला इथे माथेरान आठवणारच. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि लाल मातीच्या वाटेने चालायचे, हा अनुभव त्याच जातीचा आहे, आणि नेरळ-माथेरान रेल्वेही १९०७ ची, म्हणजे म्युरेनच्या रेल्वेहून सोळाच वर्षांनी धाकटी. फरक ओझे कोण वाहतो इथे आहे. म्युरेनमध्ये ते दोराने आणि विजेने वाहिले. माथेरानमध्ये घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये परवानगी दिल्यावर तिथे प्रायोगिक ई-रिक्षा आल्या आणि २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गाडी नको म्हणताना तिच्या जागी माणसाची पाठ येणार नाही, याची तजवीज आधी व्हायला हवी.

भारतातून जाणाऱ्या बहुतेक सहली या खोऱ्यात एका दिवसापुरत्या येतात: युंगफ्राउयोख हे उंचावरचे रेल्वेस्थानक किंवा शिल्टहॉर्न, फोटो, आणि परत बस. लाउटरब्रुनेनच्या अरुंद रस्त्यावर गर्दी इतकी वाढली की मोटारीने येणाऱ्या दिवसभराच्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घ्यावे का, यावर २०२४ मध्ये तिथे चर्चा झाली. जमत असेल तर दोन रात्री तरी वर काढाव्यात. संध्याकाळी पाहुण्यांचे डबे खाली गेले की गावात गुरांच्या घंटा आणि दरीतल्या पाण्याचा घोष एवढेच ऐकू येते. सूर्य मागच्या डोंगराआड गेलेला असतो, गाव सावलीत असते आणि समोर युंगफ्राउचा बर्फ अजून गुलाबी असतो. बाकावर बसलेली माणसे त्या वेळी आपोआप हळू बोलतात.

चालण्याचा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये गुरे वरच्या कुरणांवरून खाली आणतात, हवा स्वच्छ असते आणि वादळे कमी होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच महिना धरावा. नोव्हेंबरात आणि वसंतात रोपवे दुरुस्तीसाठी आळीपाळीने बंद असतात, बरीच हॉटेलेही मिटलेली असतात. डिसेंबरात गाव स्कीसाठी पुन्हा उघडते. त्यातही म्युरेनचा मान जुना आहे: १९२२ मध्ये आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने पहिली आधुनिक स्लॅलम (खांबांमधून नागमोडी उतरण्याची) शर्यत इथेच भरवली, १९३१ ची पहिली आल्पाइन स्की जागतिक स्पर्धा इथेच झाली आणि १९२८ मध्ये सुरू झालेली इन्फर्नो शर्यत दर जानेवारीत शिल्टहॉर्नच्या उतारावरून आजही निघते.