पुण्यातला गिटार बँड आणि रात्रीचे दहा

पुण्यात स्वतःची गाणी करणारा गिटार बँड बहुतेकदा कॉलेजात जमतो आणि प्लेसमेंटनंतर वर्ष-दोन वर्षांत विरतो. ड्रमर बंगळुरूला जातो, गायक एमएससाठी परदेशी, उरलेले नवा ड्रमर शोधत राहतात. बँड फुटला की आपसातल्या भांडणांची चर्चा होते. माझ्या मते वाजवायला तास न मिळणं हे त्याहून मोठं कारण आहे.

कॅम्पातल्या घरांत गिटार फार आधीपासून होती, पण तो काळ बराचसा कव्हरचा, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा. ओरिजिनल गाण्यांना गिऱ्हाईक मिळालं ते कोरेगाव पार्क, मुंढव्याच्या उघड्या अंगणातल्या कॅफेंमध्ये, आणि नियमही नेमका उघड्या जागेलाच लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. बंदिस्त सभागृहांना सूट दिली. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा पक्की केली. मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे अत्याचार होत असलेल्या एका लहान मुलीच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत, अशी त्या खटल्यामागची तक्रार होती. त्यामुळे या निकालाला संगीतद्वेष्टा म्हणणं मला कधीच पटलं नाही.

वाद सवलतीचा आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. ही तरतूद २००२ ची. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने तीही वैध ठरवली. हे दिवस मुख्यतः गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, एकतीस डिसेंबर अशा प्रसंगांत संपतात. नियमात ‘सांस्कृतिक’ हा शब्द असूनही शनिवारच्या गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, त्यातलं काही मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीत महोत्सवालाही रात्रभराची मैफल सोडावी लागली. पण तिचा श्रोता दुपारीच येऊन बसतो. आयटीतला श्रोता ट्रॅफिकमधून नऊला पोचतो, तोवर पहिल्या बँडचा सेट संपलेला असतो. नव्या बँडला कायम तोच स्लॉट. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायचं, वर साउंडचेकलाही, म्हणजे आधी आवाज जुळवून बघायलाही, वेळ नाही.

२०१० च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात अनेक स्टेजांचा मोठा महोत्सव सुरू झाला. दुपारपासून वाजवायचं असल्याने छोट्या बँडना खरी गर्दी दिसली. त्या एका स्लॉटसाठी वर्षभर जॅमिंग (एकत्र सराव) करणारे बँड तयार झाले. पण वर्षातून एकदा वाजवून जॅमरूमचं तासाचं भाडं निघत नाही. मार्च २०२० च्या लॉकडाउनने तेही थांबवलं, आणि अनेकांनी घरीच लॅपटॉपवर एकट्याने रेकॉर्डिंग सुरू केलं.

आता अनेक कॅफे दोघांची अकूस्टिक (साध्या, बिनविजेच्या गिटारवर गाणारी) जोडी बोलावतात. ड्रम नसल्याने शेजारच्या सोसायटीतून तक्रार येत नाही आणि मानधनही दोघांतच वाटलं जातं.